माठात कोणाचाच हात नाही

"हात काढ."

तानाबाई हे मोठ्यानं म्हणाली नव्हती. पण चिंधूचा हात गडव्यासकट माठात बुडालेला होता, आणि तो बाहेर यायच्या आत ओगराळ्याचा लांब दांडा त्याच्या मनगटावर बसला. पोरगं कळवळलं. मी तिसरीचा वर्ग सोडून व्हरांड्यात आलो, तोवर तिनं माठाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"तानाबाई, राहू द्या," मी म्हणालो. "थेंबभर तर पाणी घेतलं त्यानं."

"हात गेला आतमंदी," ती म्हणाली आणि भरलेला माठ तिनं आडवा केला. अख्ख्या शाळेचं पाणी व्हरांड्यावरून वाहत अंगणातल्या काळ्या मातीत गेलं. मग तिनं माठ राखेनं घासला, उन्हात पालथा घातला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि शिवारातल्या विहिरीकडे निघाली. आता दीड-दोन तास शाळेला पाणी नव्हतं. त्र्याहत्तर पोरं आणि दोन मास्तर कोरड्या घशानं पाढे म्हणत बसले.

मला ती बाई आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो. ती कोणालाच आवडत नसे. जनपद सभेच्या शाळेतली ती साधी पाणीवाली, पण रुबाब असा की हेडमास्तरांनीही तिला विचारून खोकावं. सकाळी अकराला ती दारात बसायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराची नखं पाहायची. तेवढ्यावर भागत नसे. "परसाकडे कितीदा गेलता?" हे ती पोरापोरींना सगळ्यांसमोर विचारायची. दोनपेक्षा जास्त आकडा आला की दप्तरासकट घरी. पोरी लाजून रडायच्या. आया शाळेत येऊन तिला तोंडावर शिव्या द्यायच्या, आणि ती शिव्या ऐकून घेऊन म्हणायची, "पोट थांबलं की पाठवजो."

माठाचा तिचा एकच कायदा होता. माठात कोणाचाच हात जायचा नाही. पाणी चौपदरी फडक्यातून गाळायचं, लाल दवा टाकायची, झाकायचं आणि ओगराळ्यानं पोरांच्या ओंजळीत वरून धार धरायची. ओगराळं हाताला लागलं तर ते धुवायचं आणि माठात हात गेला तर माठ ओतायचा. गाव होतं सिंदी स्टेशनपासून दीड कोसावर, आणि दर पावसाळ्यात आमच्याकडे हैजा, म्हणजे पटकी, यायचा. त्रेपन्न साली शाळेतली चार पोरं चार दिवसांत गेली होती. तेव्हा माठावर गडवा ठेवलेला असे आणि ज्याला वाटेल तो बुडवून घेई. त्या चारांतली एक तानाबाईची विमल. नवरा आधीच गेलेला, मूल एवढं एकच. तेराव्यानंतर ती शाळेत आली आणि हेडमास्तर अण्णाजींना म्हणाली, "आता माठावर मी बसन." अण्णाजी भला माणूस. भला म्हणजे कोणालाही नाही म्हणता न येणारा. त्यांनी हो म्हटलं. त्यानंतर तीन पावसाळे गावात हैजा येऊन गेला, माणसं मेली, पण शाळेच्या माठावरून एकही पोर आजारी पडलं नाही. हे मलाही ठाऊक होतं. तरी ती आवडत नसे. जी बाई रोज बरोबर असते तिच्याबद्दल फार वेळ चांगलं वाटून घेता येत नाही.

चिंधू हा बबनरावांचा मुलगा. बबनराव शाळा कमिटीचे अध्यक्ष, पंचवीस एकर कपाशीचे मालक. तीन मुलगे पाळण्यात गेल्यावर हा चौथा झाला, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी त्याचं नाव चिंधू ठेवलेलं. त्याच्या मनगटावर वळ पाहून बबनराव दुसऱ्या दिवशी शाळेत आले.

"तानाबाई, तुले कोनाच्या पोराले मारून राह्यली हे तरी समजते का?"

"समजते, बबनरावजी. म्हनून तर एकच देल्ला."

ते सत्तावन्न सालचं श्रावणाच्या आसपासचं असेल. आदल्या दसऱ्याला गावाबाहेरच्या वस्तीतली झाडून सगळी घरं नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली होती. मेलेली ढोरं ओढणं त्यांनी बंद केलं, गावकीची कामं सोडली. वस्तीनं आपलं नाव बदललं, गावानं मात्र जुनंच तोंडात ठेवलं. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं रस्त्यात एकमेकांकडे अशी पाहायची की मधून जाणाऱ्या कुत्र्यानंही अंग चोरावं.

चिंधूच्या प्रकरणाला आठ दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत लहानू आला. सिंदीच्या कापसाच्या जिनात गाठी बांधायचं काम करणारा, बोलायला कमी, अंगानं दांडगा. त्याची मुलगी जयवंता माझ्या तिसरीत. बरोबर वस्तीतले पाच-सहा जण होते. अण्णाजी खुर्चीवरून अर्धवट उठले, काय करावं न सुचून परत बसले.

"गुरुजी, एक सांगाले आलो," लहानू म्हणाला. "आमचे पोट्टे आजपासून आपल्या हातानं पानी घेतीन. कोनाच्या धारेखाली ओंजळ धरनार नाई."

अण्णाजींनी तानाबाईकडे पाहिलं. ती माठाजवळून उठली नाही.

"माठात कोनाचाच हात नाई," ती म्हणाली. "तुह्या पोरीचा नाई, बबनरावजीच्या पोराचा बी नाई. त्याच्या मनगटावरचा वळ पाह्य जाऊन."

"ऐकलं मी ते."

"मंग? मी जातीपायी करतो का हे? हैजा जात पाह्यते का?"

"हैजा नाई पाह्यत," लहानू म्हणाला. "तुमी पाह्यता."

तानाबाई ताडकन उभी राहिली. मला वाटलं, आता याच्याही मनगटावर दांडा बसतो.

"एक काम करा," लहानू म्हणाला. "पानी पाजा. पह्यले त्या चिंधूले, मंग माह्या जयवंताले. आमी नुसतं पाह्यतो."

चिंधू पुढे आला. खाली वाकून त्यानं ओंजळ धरली. तानाबाईनं ओगराळं भरलं, त्याच्या ओंजळीच्या चार बोटं वर आणलं आणि बारीक, न हलणारी धार सोडली. पोरगं गटगट प्यालं, एक थेंब सांडला नाही. मग जयवंता आली. तशीच वाकली, तशीच ओंजळ धरली. तानाबाईनं ओगराळं भरलं आणि तिचा हात वर गेला. चांगला हातभर वर. धार ओंजळीवर आपटून फुटली. निम्मं पाणी पोरीच्या तोंडावर, गळ्यावर, छातीवर उडालं आणि झग्याचा पुढचा भाग ओला झाला.

वर्षभर ही मुलगी मधल्या सुट्टीनंतर ओला झगा घेऊन माझ्या वर्गात बसत होती. "तुला नीट पाणीसुद्धा पिता येत नाही का?" असं मी तिला दोनदा विचारलं होतं, एकदा तर बाकावर उभं केलं होतं. वस्तीतली बाकीची पोरंही तशीच ओली यायची. मी मास्तर होतो, मला दोन डोळे होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं होतं की ही पोरं गबाळी आहेत.

तानाबाई आपल्या हाताकडे पाहत होती. तो अजून वरच होता.

"मी मुद्दाम नाई केलं," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली गेलेला ऐकला. "मले ठाऊकच नव्हतं."

"तुमाले ठाऊक नव्हतं, हे तर अजून वाईट झालं," लहानू म्हणाला. त्यानं जयवंताचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन गेला.

ही बातमी गावात फिरायला तास पुरला. संध्याकाळी बबनरावांनी तानाबाईच्या घरी नारळ पाठवला. म्हणे, गावाचा धरम राखला. आठ दिवसांपूर्वी हीच बाई त्यांना शाळेतून हाकलायची होती. नारळ घेऊन गेलेला गडी तसाच परत आला. तानाबाईनं निरोप दिला होता, "धरम-बिरम काई राखला नाई. मी माठ राखतो. नारळ देवाले फोडा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आलो तर व्हरांड्याच्या कडेला, माठाशेजारी, एक बाभळीची बेचकी रोवलेली होती. गुडघ्याएवढी, साल काढलेली. तानाबाई ओगराळ्याचा दांडा त्या बेचकीत ठेवून धार सोडून पाहत होती. खाली पोरांनी ओंजळ कुठं धरायची तिथं तिनं एक दगड पुरला होता, त्यावर हात टेकायचे. आता धार सगळ्यांना सारखीच उंच. पोर कोणाचंही असो, दांडा बेचकीच्या वर जायचा नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"हाताचा भरोसा नाई राह्यला," ती म्हणाली.

मला तेव्हा हसू आलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या बेचकीनं कोणाचंच समाधान झालं नाही. वस्तीतली माणसं म्हणाली, काठी रोवली म्हणून काय झालं, धार धरणारा हात तर तोच. त्यांचं काही चूक नव्हतं. ते जेवढं सोसून आले होते त्यापुढे एक बाभळीची काठी म्हणजे काय? त्यांनी आपल्या पोरांना शाळेतून काढलं आणि वस्तीतच बसवलं. आणि गावातल्या बाया म्हणाल्या, धार इतकी खाली आणली तर त्या पोरांच्या ओंजळीतलं पाणी उडून ओगराळ्याला लागतं आणि तेच ओगराळं परत माठात जातं. तानाबाईनं सगळा माठ बाटवला. वस्तीतलं एकही पोर त्या दिवसांत शाळेत येत नव्हतं, तरी माठ बाटला होता.

बबनरावांनी कमिटी बोलावली. तिथं मी होतो. तानाबाई दाराबाहेर उभी होती, तिला आत बोलावलं नाही.

"गावच्या पोट्ट्याइले गावचं पानी, त्याइले त्याइचं," बबनराव म्हणाले. "भांडनाचं मूळच नको. अन् हे मारकुटी बाई बी नको."

"सगळ्यांच्या मनासारखं होतं मग," अण्णाजी म्हणाले.

"गुरुजी, मले काढा," बाहेरून तानाबाईचा आवाज आला. "पन माठावर गडवा ठेवू नोका. दुसरी बाई बसवा. म्या सांगतो तिले, शिकवतो. आसाढ-सरावनात गडवा ठेवू नोका."

"आता तू आमाले शिकवशीन काय वं?" बबनराव म्हणाले.

अण्णाजींनी तिला काढल्याचा कागद मला लिहायला सांगितला, कारण माझं अक्षर चांगलं. "विद्यार्थ्यांशी उद्धट वर्तन" असं कारण मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. दोनदा वाचूनही पाहिलं, वेलांटी चुकू नये म्हणून.

पोरांना आनंद झाला. माठावर साखळीनं पितळी गडवा बांधला. वाटेल तेव्हा बुडवा, वाटेल तेवढं प्या. नखं पाहणारं कोणी नाही, पोट विचारणारं कोणी नाही. चिंधू तर गडव्यातलं पाणी दुसऱ्यांच्या अंगावर उडवत होता आणि उरलेलं परत माठात ओतत होता. मी ते पाहिलं. रागावलो नाही. इतके दिवस बाईनं दाबून ठेवलेली पोरं, खेळू द्यावं म्हटलं.

अकराव्या दिवशी दुपारी चिंधूला वर्गात वांती झाली. तासाभरात त्याचे डोळे खोल गेले आणि हातापायांना पेटके येऊ लागले. बबनरावांनी बंडी जुंपली. बंडी सिंदीच्या वेशीपर्यंत पोचली, पोरगं पोचलं नाही. त्याच आठवड्यात आणखी दोघं गेली, एक चौथीतला आणि एक पहिलीतली. शाळा बंद झाली.

माझ्या मनात होतं की बबनराव तानाबाईच्या दारात जाऊन रडतील. गाव तसं चालत नाही. ते म्हणाले, बाईनं जाताना माठावर करणी केली. ज्यांनी पोरं पुरली होती त्यांना ते पटलं. कारण दुसरं काही पटवून घ्यायचं तर गडवा कोणी ठेवला, कागद कोणी लिहिला, हेही पटवून घ्यावं लागलं असतं. रोज कोणीतरी तानाबाईच्या कौलांवर दगड टाकायचं. पिठाच्या गिरणीत तिचं दळण कोणी घेईना. आणि मी? मी घरात बसून होतो. करणीवर माझा विश्वास नव्हता, एवढ्यावरच मी स्वतःला बरा माणूस समजत होतो.

हैजाची सुई टोचणारा सिंदीहून यायचा होता आणि त्याला प्रत्येक घरातल्या पोरांची यादी हवी होती. गावची यादी अण्णाजींनी केली, वस्तीची माझ्यावर आली. भर दुपारी वही घेऊन मी वस्तीत गेलो. तिथपर्यंत माझ्या पायांनी कधी मजल मारली नव्हती.

वस्तीच्या ओट्यावर दोन दगडांवर नवा कोरा माठ ठेवलेला होता, त्यावर चौपदरी फडकं. बाया, पोरं गोल करून उभी होती. आणि त्या गोलात, माठापासून चार हात लांब, जमिनीवर तानाबाई बसली होती. मी वहीआडून पाहतच राहिलो. आदल्या दिवशी लहानू तिच्या दारात गेला होता, हे मला मागाहून त्यानंच सांगितलं. तो तिला म्हणाला होता, "आमच्या पोरीइले तुमी भिजवलं ते मी इसरनार नाई. पन गावात पोट्टे मरून राह्यले. हात आमचा, रीत तुमची. येता का?" ती लुगडं झटकून उठली होती.

माठाला ती शिवत नव्हती. लांबूनच सांगत होती, फडकं किती वेळा धुवायचं, दवा किती टाकायची. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर माया नव्हती. कमलाबाई नावाची एक म्हातारी मध्येच म्हणाली, "इच्या शब्दावर काऊन भरोसा ठेवावं? पह्यले हे पेईन आमच्या हातानं, मंग आमचे पोट्टे पेतीन."

लहानूनं ओगराळं जयवंताच्या हातात दिलं.

तानाबाई पुढे सरकली. राखेनं हात घासून धुतले, उकिडवी बसली आणि तिनं ओंजळ धरली. त्या कुणब्याच्या बाईनं जन्मात वस्तीत पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मीही घेतला नव्हता. जयवंतानं ओगराळं भरलं, हात उंच नेला, पार डोक्यापर्यंत, आणि धार सोडली. पाणी तानाबाईच्या तोंडावर फुटलं, गळ्यावरून पदरात गेलं.

"शाब्बास," कमलाबाई म्हणाली.

पण पोरगी सूड वगैरे काही घेत नव्हती. जीभ दातांत धरून, थेंब वाया जाऊ नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती. तानाबाई ओंजळीत जेवढं आलं तेवढं सगळं प्याली आणि मग तिनं विचारलं, "एवढ्या वरून काऊन वतलं, माय?"

"तुमी असंच तर वतत होत्या," जयवंता म्हणाली. "मले वाटलं, हेच रीत हाये."

पदरानं तोंड पुसायचं तानाबाईच्या लक्षात आलं नाही.

"रीत नव्हती ते. माही चूक होती," ती म्हणाली. "चार बोटं. पाह्य. वगराळं हाताले लागू द्याचं नाई अन् याच्या वर न्याचं नाई. कोनासाठीच नाई."

"हे तुमी शाळेत सगळ्याइच्या पुढं म्हनाले पाह्यजे होतं," लहानू म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "म्हनाले पाह्यजे होतं."

कमलाबाईचा चेहरा काही निवळला नाही. पण तिनं नातवाला पुढे ढकललं. पोरं रांगेत आली. तानाबाई प्रत्येकाची नखं लांबूनच पाहत होती आणि जयवंता पाजत होती. पहिल्या दोघांना जरा उंचावरून, मग बरोबर चार बोटांवरून. त्या साथीत वस्तीतलं एकही पोर गेलं नाही, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. एक गेलंच, रामाजीच्या घरचं, अंगावर पिणारं. शाळेत जाणारी सगळी वाचली.

मी नावं लिहून घेतली. ऊन मी म्हणत होतं, जीभ टाळूला चिकटली होती. वही मिटत होतो तेवढ्यात जयवंता भरलेलं ओगराळं घेऊन माझ्यासमोर आली.

"गुरुजी, पानी घेता?"

सगळी वस्ती माझ्याकडे पाहत होती. कमलाबाई, लहानू, रांगेतली पोरं, ज्यांना मी ओल्या झग्यांवरून रागावलो होतो. मला फक्त वही काखेत धरायची होती आणि वाकायचं होतं. मी पदवीधर नव्हतो, पण मास्तर होतो. माणसामाणसांत भेद नाही, हा धडा मी दर वर्षी शिकवायचो.

"तहान नाही," मी म्हणालो.

लहानूनं मान दुसरीकडे वळवली. जयवंता तशीच उभी राहिली. हातातल्या पाण्याचं काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिनं तानाबाईकडे पाहिलं. तानाबाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुढचा," ती म्हणाली.